जुन्या सागवानातून बेस गिटार : बॉडी, वजन आणि लाखेचं हातपॉलिश

सागरेषा

मंडळी, इथे वाजवणारे आहेत आणि सुतारकाम जाणणारेही आहेत. दोघांशी एकदम बोलावं असं काम सध्या हातात आहे, म्हणून हा धागा.

चार तारांची बेस गिटार करतोय. मेपलची नेक, म्हणजे तारा दाबायची लांब दांडी, तयार घेतली, ८६४ मिमी (३४ इंच) स्केलची, म्हणजे तारेच्या वाजत्या लांबीची. बॉडी मात्र लाकूड निवडण्यापासून शेवटच्या पॉलिशपर्यंत स्वतःच्या हाताने करायची आहे. लाकूड जुनं सागवान. पुण्यात वाडे पाडले जातात तेव्हा त्यांच्या तुळया आणि कडीपाटाच्या फळ्या जुन्या लाकडाच्या वखारीत येतात. रेषा सरळ, गाठी कमी, आणि वाळण्याचं काम कधीच संपलेलं. तरीही तुळई चिरल्यावर लगेच रंधा मारू नये. आतला ताण मोकळा होतो आणि फळी थोडी वळते. ज्या खोलीत काम करायचं तिथेच काही आठवडे, दोन्ही बाजूंना हवा लागेल अशी उभी ठेवावी, मग सपाट करावी.

जुन्या लाकडात खिळे असतातच. बरेचसे तुटून आत राहिलेले, वरून दिसतही नाहीत. लोहचुंबक दोरीला बांधून फळीवरून हळू फिरवला की सापडतात. खिळ्याभोवती लाकूड काळं पडलेलं असतं, कारण लोखंड आणि लाकडातला टॅनिन यांचा संयोग होतो. हा डाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने फिका होतो, पण हातमोजे घालूनच करा, आणि नंतर भरपूर पाण्याने पुसून घ्या. काही डाग मी मुद्दाम ठेवणार आहे. ज्या तुळईने एवढी वर्षं घर पेललं तिच्या अंगावरची खूण पुसून टाकावीशी वाटत नाही.

आता वजन. सागाचं वजन साधारण ६५० किलो प्रति घनमीटर. अमेरिकेत बेसच्या बॉडीला जे अल्डर वापरतात ते ४५० च्या आसपास. नेहमीच्या आकाराच्या बॉडीत साडेचार लिटर लाकूड धरलं, तर अल्डरची बॉडी दोन किलो आणि सागाची जवळजवळ २.९ किलो. त्यात नेक, ब्रिज (बॉडीवरची तारा अडकवायची घोडी), चार ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) आले की वाद्य सहज पाच किलोच्या घरात जातं. दोन तास उभं राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला हा फरक नक्की कळतो.

म्हणून दोन गोष्टी करतोय. जाडी ४५ ऐवजी ४० मिमी, म्हणजे तीनशे ग्रॅम गेले. आणि मागच्या फळीत पोकळ्या कोरून वर ६ मिमी जाडीची सागाचीच पातळ फळी चिकटवतोय. एक लिटर पोकळी म्हणजे ६५० ग्रॅम कमी. ब्रिजखाली, नेकच्या खाचेभोवती आणि मधल्या पट्ट्यात मात्र लाकूड भरीवच. चार तारांचा मिळून ओढा ७५-८० किलो असतो, तो पेलायला मधला कणा अखंड हवा.

चिकटवण्यापूर्वी सागाचा पृष्ठभाग थिनरने किंवा अ‍ॅसिटोनने पुसून लगेच ग्लू लावा. सागात नैसर्गिक तेल असतं, ते वर आलं की सांधा कच्चा राहतो.

पॉलिशबद्दल माझं मत ठाम आहे: लाख. जाड पॉलियुरेथेनचा थर घरी मारायचा नाही. या लाकडावर लाखेचं हातपॉलिशच शोभेल आणि पुढे दुरुस्त करता येईल. पण हात बसलेल्या माणसांकडून तपशील हवेत. बोला.

खर्जातला

सागरेषा, काम सुंदर चाललंय. गोव्यात लग्नं, फेस्त, हॉटेलं असं सगळीकडे बेस वाजवतो, म्हणून वाजवणाऱ्याच्या बाजूने दोन शब्द.

नुसत्या एकूण वजनापेक्षा तोल जास्त महत्त्वाचा. बॉडी हलकी केली आणि नेक जड राहिली तर हात सोडला की नेकचं डोकं खाली जातं. मग डावा हात वाजवण्याऐवजी नेक पेलत बसतो. बॉडीचं वरचं शिंग (नेकच्या बाजूचं निमुळतं टोक) बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे नेकवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीच्या, आसपास पोचेल एवढं लांब ठेवा, पट्ट्याची खुंटी तिथेच येते. ट्यूनर हलके घ्या. तिथे वाचवलेला एक ग्रॅम बॉडीतल्या अनेक ग्रॅमांच्या बरोबरीचा, कारण तो टोकाला आहे. पोकळ्याही शक्यतो पुढच्या बाजूला, नेककडे काढा. ब्रिजच्या मागे लाकूड राहू द्या.

पण सागाने आवाज बदलणार नाही का? सागाचा आवाज "कोरडा" असतो असं ऐकलंय.

सागरेषा

तोलाचा मुद्दा पटला. पोकळ्यांचा नकाशा आजच बदलतो.

आवाजाबद्दल मला जे समजलंय ते सांगतो. इलेक्ट्रिक बेसमध्ये पिकअप, म्हणजे तारांखालचं चुंबक-वेटोळं, तारेची हालचाल चुंबकीय क्षेत्रातून पकडतो, लाकडाचा आवाज ऐकत नाही. लाकडाचा परिणाम येतो तो तारेची ऊर्जा ब्रिज आणि नेकमधून किती शोषली जाते त्यातून. तो असेल, पण पिकअप कुठे बसवला, तारा कोणत्या, बोटं कुठे पडतात, यांच्यापुढे फार लहान.

इतिहास पाहिला तरी हेच दिसतं. लिओ फेंडरचा पहिला प्रिसिजन बेस १९५१ चा, अ‍ॅश लाकडाचा, पाटासारखा सपाट. पोटाशी आणि हाताखाली उतार आले ते १९५४ मध्ये. १९५० च्या दशकाच्या मध्यावर कंपनी बव्हंशी अल्डरकडे वळली. अल्डर सहज मिळत होतं आणि त्याची छिद्रं बारीक असल्याने रंग पटकन बसायचा. ज्या लाकडाच्या "आवाजाची" आज पूजा होते ते कारखान्यात आलं मिळण्याच्या आणि रंगवण्याच्या सोयीमुळे. म्हणून मी म्हणतो, लाकूड वजनासाठी, स्पर्शासाठी आणि डोळ्यांसाठी निवडा. सागाची ती सोनेरी तपकिरी रेषा लाखेखाली जशी उजळते तशी दुसऱ्या कशाखाली उजळत नाही.

तंबोरा

मी मिरजेची. सोलीड बॉडीबद्दल तुमचं म्हणणं मान्य, पण आमच्या वाद्यांना ते लागू नाही हे सांगायला हवं. तंबोऱ्यात भोपळा आणि तबली (भोपळ्यावरची लाकडी झाकणफळी) हेच आवाज देतात. मंगळवेढ्याकडचे मोठे भोपळे, तुनीचं लाकूड, त्यांची जाडी किती ठेवायची हे कारागिराचा हात ठरवतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि या गल्लीत वाढलेल्या माझ्यासारखीला त्याचा फार आनंद झाला.

आणखी एक. फ्रेटलेस, म्हणजे बिनपट्ट्यांचा, बेस ऐकला तेव्हा मला पहिल्यांदा तंबोऱ्याची जवारीच आठवली. घोडीच्या किंचित गोलाईवर तार घासत राहते आणि वरचे स्वर फुलतात. फ्रेटलेसमध्ये तार फिंगरबोर्डवर, म्हणजे नेकवरच्या बोटं टेकायच्या पट्टीवर, तशीच अलगद घासते. तुमची नेक फ्रेटवाली आहे, पण पुढे कधी दुसरा बेस केलात तर फ्रेटलेस करून बघा, शिसवीच्या फिंगरबोर्डचा. खर्जाचं काम करणारं वाद्य जवारीच्या अंगाने बोललं तर काय होईल, हे मला खरंच ऐकायचंय.

सागरेषा

ताई, हे डोक्यात घर करून राहणार. मनापासून आभार.

पुरचुंडी

पॉलिशचं विचारलंत म्हणून लिहितो. आमच्या घरात तीन पिढ्या फर्निचर पॉलिश करतात, कोल्हापुरात. गिटार मी केलेली नाही, पण सागावर लाख हे रोजचं काम. जरा लांबेल.

आधी घासणं. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरू करा, मग १८०, २४०, ३२०. प्रत्येक नंबर रेषेच्या दिशेने. आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत पुढचा घ्यायचा नाही. राहिलेला ओरखडा लाखेखाली लपत नाही, उलट उठून दिसतो. दिव्याचा झोत बाजूने, अगदी आडवा टाकून बघा. २४० नंतर ओल्या फडक्याने एकदा पुसा. तंतू उभे राहतील. वाळल्यावर ३२० ने हलकेच कापा. हे एकदा केलं की पुढे पॉलिशच्या ओलाव्याने ते पुन्हा उठत नाहीत. कडेचं उघडं लाकूड, म्हणजे जिथे तंतू तोंडं वर करून असतात, तिथे एक नंबर जास्त बारीक घासा. नाहीतर तिथे पॉलिश जास्त मुरतं आणि काळपट दिसतं. गिटारला शिंगं असतात म्हणजे अशी जागा भरपूर.

सागाची छिद्रं मोठी. आरशासारखा पृष्ठभाग हवा असेल तर ती भरावी लागतात. खडूची बारीक पूड, पातळ लाख आणि रंगापुरता गेरू व पिवडी. रंग लाकडापेक्षा किंचित गडद ठेवा. फिका राहिला तर प्रत्येक छिद्र पांढरं ठिपक्यासारखं दिसेल. रेषेला आडवं चोळून भरा, वाळलं की घासून वरचं सगळं काढा, फक्त छिद्रात राहू द्या. पण माझं मत विचाराल तर सगळी छिद्रं भरू नका. अर्धी भरलेली बरी. हाताला लाकूड लागलं पाहिजे, काच नको.

लाख: चपडा (पातळ पापुद्र्यांची लाख) घ्या, शक्यतो ताजा. १ लिटर स्पिरिटला १२० ग्रॅम हे पातळ मिश्रण, २४० ग्रॅम हे नेहमीचं. पहिला हात पातळाचा. काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा, मधूनमधून हलवा, लोखंडी डबा वापरू नका, लाख काळी पडते. चपड्यात ३ ते ५ टक्के मेण असतं, ते खाली बसतं. वरचं निवळ ओतून घ्या आणि सुती कापडातून गाळा. एकावेळी लागेल तेवढीच भिजवा. सहा महिने पडून राहिलेली लाख नीट सुकत नाही, चिकट राहते. शंका आली तर काचेवर थेंब टाकून बघा, काही तासांनी नख रुतलं तर ती लाख वापरू नका.

लाख लावायची ती पुरचुंडीने. तिच्यात आत जुन्या लोकरीचा किंवा कापसाचा बोळा, बाहेर अनेक धुण्यांनी मऊ झालेलं धोतराचं कापड. शिवण नको, सुरकुती नको. लाख बोळ्याला पाजायची, कापडावर नाही. दाबल्यावर नुसता ओलावा यावा, थेंब नाही. आधी गोल, मग आठच्या आकड्यात, शेवटी रेषेच्या दिशेने सरळ. हात फिरता असतानाच लाकडाला टेकवायचा आणि फिरता असतानाच उचलायचा. मध्ये थांबलात की खालचा थर विरघळून पुरचुंडी चिकटते. ओढ लागायला लागली की जवसाच्या तेलाचा एक थेंब पुरचुंडीच्या तळाला. जास्त नको, ते नंतर वर येतं. चार-सहा फेऱ्या झाल्या की दुसऱ्या दिवसापर्यंत सोडून द्या. शेवटी जवळजवळ कोऱ्या पुरचुंडीत थोडं स्पिरिट घेऊन अगदी हलका हात फिरवा, तेलाचा पडदा निघतो आणि खरी चमक येते.

स्पिरिटमध्ये मिथेनॉल असतं. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ दिवा, शेगडी काही नको.

सागरेषा

पुरचुंडी दादा, हे वाचून कामाला हुरूप आला. एकच विचारतो: ज्या जागी उजवा हात टेकतो तिथे घामाने लाख टिकेल का?

खर्जातला

मी हेच विचारणार होतो. आमच्याकडे मे महिन्यात मांडवात वाजवताना हातावरून अक्षरशः धार लागते. शिवाय स्टेजजवळ कुणाचा ग्लास सांडला तर? लाख दारूत विरघळते ना?

पुरचुंडी

विरघळते. घामाने आणि उष्णतेनेही मऊ पडते. ते लपवण्यात अर्थ नाही. पण तीच तिची ताकद आहे. नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. पॉलियुरेथेनला ओरखडा पडला तर नवा थर जुन्यावर नुसता बसतो, कड दिसत राहते. लाखेचा डाग मात्र तेवढ्याच जागी दुरुस्त होतो. आमच्याकडे आजोबांच्या काळातली कपाटं परत येतात, स्पिरिटचा हात फिरवला की दोन दिवसांत पुन्हा उभी राहतात.

रोज घामात वाजवायची असेल तर खाली लाख आणि वर, निदान हाताखालच्या उतारावर, तेल-वार्निशचे दोन-तीन पातळ हात. त्यासाठी मेण काढलेली लाखच हवी. मेण राहिलं तर वरचा थर धरत नाही, विशेषतः पॉलियुरेथेन.

श्टुटगार्टकर

इथे जर्मनीत छंद म्हणून मी गिटार करतो. पुरचुंडी दादांच्या शेवटच्या मुद्द्याला दुजोरा: सागावर आणि शिसवीवर तेल-वार्निश थेट लावलं तर अनेकदा सुकतच नाही, लाकडातलं तेल आड येतं. मेणविरहित लाखेचा एक पातळ हात आधी दिला की तो प्रश्न सुटतो.

तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता निघते आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा. दुसरं, सागाची धूळ अनेकांच्या त्वचेला आणि फुप्फुसांना त्रास देते. कापडी रुमाल पुरत नाही, चांगला मास्क घ्या.

तंबोरा ताईंनी शिसवीचा फिंगरबोर्ड सुचवलाय. विमानाने वाद्य नेण्याची भीती कुणाला असेल तर: २०१७ मध्ये शिसवीच्या सगळ्या जाती साइट्सच्या (CITES, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आल्या आणि परवान्यांचा गोंधळ झाला होता. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना आणि त्यांच्या सुट्या भागांना त्यातून सूट आहे. लाकूड म्हणून नेणं वेगळं, त्याचे नियम कायम आहेत.

नवखा_सूर

मी नुकतंच वाचायला लागलोय. ब्रिज नेमका कुठे बसवायचा हे कसं ठरवतात? ते चुकलं तर सगळं बेसूर होईल ना?

सागरेषा

होईल, म्हणून हे माप सगळ्यात शांतपणे घ्यायचं. नटपासून (नेकच्या डोक्याजवळची तारांच्या खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा: ८६४ च्या स्केलला ४३२ मिमी यायला हवेत. तेवढंच अंतर बाराव्या फ्रेटपासून ब्रिजच्या सॅडलपर्यंत (तार टेकते तो सरकता तुकडा). फक्त जाड तारेला थोडी जास्त लांबी लागते, कारण ती दाबल्यावर तिचा ताण वाढतो आणि स्वर चढतो. म्हणून सगळ्यात बारीक 'जी' (G) तारेचं सॅडल पूर्ण पुढे सरकवून ४३२ वर ठेवा, बाकीच्यांना मागे जायला स्क्रूची जागा उरते. भोक पाडण्याआधी नेक खाचेत बसवा, नटच्या दोन्ही कडांच्या खाचांमधून दोरे ताणून ब्रिजपर्यंत आणा आणि ते फिंगरबोर्डच्या दोन्ही कडांपासून सारखे जातात का ते पाहा. मग टोच्याने खूण करा.

नेकची खाच १६ मिमी खोल आहे. बॉडी ४० मिमी केली म्हणजे खाली २४ मिमी लाकूड उरलं, त्यामुळे नेहमीचे ४५ मिमीचे स्क्रू नेकमध्ये जास्त आत शिरतात. नेकच्या टाचेची, म्हणजे खाचेत बसणाऱ्या टोकाची, जाडी मोजून मगच कसा, नाहीतर टोक फिंगरबोर्डमध्ये पोचेल.

खर्जातला

वायरिंगचंही लिहा. आमच्या बहुतेक ठिकाणी अर्थिंग भरवशाचं नसतं.

सागरेषा

प्रिसिजनचा दोन तुकड्यांचा पिकअप घेतोय, १९५७ पासूनची रचना. दोन्ही तुकडे उलट गुंडाळलेले आणि उलट ध्रुवांचे, म्हणून तारेचा आवाज जुळतो आणि बाहेरची गुणगुण एकमेकांत विरते. बेससाठी हे आपल्याकडे जास्तच महत्त्वाचं. आपली वीज ५० हर्ट्झची. मोकळी 'ई' (E) तार ४१.२ हर्ट्झ, आणि तिच्या तिसऱ्या फ्रेटवरचा 'जी' स्वर ४९. म्हणजे विजेची गुणगुण आपल्या वाजत्या स्वरांच्या अगदी शेजारी बसते. ती नुसत्या टोन कंट्रोलने काढता येत नाही. पिकअपच्या आणि कंट्रोलच्या खाचांना आतून तांब्याची चिकटपट्टी लावतोय, सगळ्या पट्ट्या एकमेकींना सोल्डरचा डाग देऊन जोडलेल्या, आणि ब्रिजपासून एक वायर ग्राउंडला. त्या वायरचं भोक पॉलिशच्या आधी पाडायचं, नंतर ड्रिल घसरला तर पॉलिशवर ओरखडा जातो.

तंबोरा

पॉलिश कधी करणार? पाऊस तोंडावर आलाय. आमच्याकडे कारागीर पावसाळ्यात लाखेचं काम हात राखून करतात.

पुरचुंडी

ताई बरोबर बोलल्या. दमट हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि लाख पांढरट पडते. काम अडलंच तर दुपारची कोरडी वेळ बघा, हात पातळ द्या. पांढरी झाली तरी घाबरू नका, कोरड्या दिवशी नुसत्या स्पिरिटचा हलका हात दिला की थर मऊ होतो आणि अडकलेला ओलावा निघून जातो. पण मी असतो तर बॉडी घासून, एक पातळ हात देऊन ठेवली असती आणि बाकीचं दसऱ्यानंतर.

सागरेषा

दसऱ्यानंतरच करतो. तोवर पोकळ्या, खाचा, उतार आणि घासणं. लाख कोणत्या झाडावरची घ्यावी यात फरक असतो का?

पुरचुंडी

असतो. कुसुमावरची फिकी आणि चांगली मानतात, पळस-बोरीवरची गडद. बरीचशी झारखंड, छत्तीसगडमधून येते, आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या पट्ट्यातही होते. सागाला पळसावरची नारिंगी छटा मस्त दिसते, तीच घ्या. संगीताशी लाखेचं नातं जुनंच आहे, जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांमध्येही लाखच असायची.

पॉलिश झाल्यावर लगेच ब्रिज-पिकअप कसू नका. निदान तीन-चार आठवडे मोकळी टांगून ठेवा. वरून कोरडी लागली तरी आतून मऊ असते, ब्रिजचा पत्रा रुतून बसतो.

श्टुटगार्टकर

आणि गिटार स्टँडवर ठेवणार असाल तर त्याच्या रबराला सुती कापड गुंडाळा. काही रबरं लाख आणि नायट्रोसेल्युलोजचं पॉलिश दोन्ही खराब करतात, डाग आत जातो.

सागरेषा

टीप पक्की लक्षात ठेवली. नवखा_सूर, बॉडीचा आराखडा मी खऱ्या मापात पुठ्ठ्यावर काढलाय, शिंगाची लांबी खर्जातलांनी सांगितल्याप्रमाणे वाढवून. हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा, कागदावर उतरवून पाठवतो. पोकळ्या कोरून झाल्या की वजनाचे आकडे इथेच टाकतो.